मुलांची पुस्तकचर्चा तोंडी परीक्षा होतेय? या चुका टाळा

आठवीच्या वर्गात पहिल्यांदा पुस्तकगट, म्हणजे पुस्तक वाचून त्यावर आपसात बोलणारे मुलांचे गट, सुरू केले, तेव्हा एका गटाची प्रमुख झालेली मुलगी हातात पट्टी घेऊनच बसली. पहिला प्रश्न, ‘कोण कोणास म्हणाले?’ दुसरा, ‘एका वाक्यात सांग.’ उत्तर अडलं की, ‘खाली बस, पुढचा!’ मी दोन बाकं सोडून उभी होते. हसू आलं, आणि मग लक्षात आलं की ही हुबेहूब माझी नक्कल आहे.

सगळ्यात मोठी चूक हीच. चर्चा मुलांच्या हाती देतो, पण प्रश्न कसे विचारायचे ते दाखवत नाही. मग मुलं स्वाध्यायातलेच प्रश्न उचलतात. आता माझ्या वर्गात एकच नियम आहे : ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न गटात विचारायचा नाही. ‘श्यामची आई’मध्ये आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई लुगड्याचे ओचे पसरते. ‘आईने काय केले?’ याचं उत्तर पानावरच आहे, चर्चा तिथेच संपते. ‘आईनं त्याचा हट्ट पुरवायला हवा होता का?’ असं विचारल्यावर एक जण म्हणाला, “माझ्या आईनं धपाटा घातला असता.” शेजारचा म्हणाला, “मग तू मातीतच चालला असतास.” पुढची दहा मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही.

दुसरी चूक कागदांची. हार्वे डॅनियल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या 1994 च्या पुस्तकामुळे अशा गटांचा खूप प्रसार झाला. प्रश्न काढणारा, शब्द शोधणारा, चित्र काढणारा अशी कामं गटात वाटून दिलेली असतात आणि प्रत्येक कामाचा एक भरायचा कागद असतो. सुरुवातीला त्याचा आधार होतो. पण या भूमिकांचे कागद यांत्रिक होतात, हे 2002 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच बजावलं आहे. आमचा ‘शब्दशोधक’ पाच अवघड शब्द उतरवून काढायचा आणि नंतर खिडकीबाहेर बघत बसायचा. दोन-तीन आठवड्यांनी कागद बंद करा. वाचताना जिथे अडलं, राग आला किंवा हसू आलं तिथे चिठ्ठी घालून आणा, एवढं पुरतं.

प्रतींचं गणित आधी करा. आमच्या ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण कुठल्याही ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या पाच प्रती एकदम मिळतील, ही आशा धरू नका. त्यापेक्षा एका लेखकाची पाच वेगवेगळी पुस्तकं एका गटाला द्या. गटात पाचच जण ठेवा. सात झाले की दोघं हमखास मागे सरकतात.

एकच मूल बोलत राहतं? प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. बोललं की एक मध्ये टाकायचा, संपले की ऐकायचं. हा उपायही फार ताणू नका. काही हुशार मुलं चिंचोके संपवायलाच ‘हो, बरोबर’ म्हणू लागतात!

न वाचता आलेल्याला शिक्षा नको. पहिली पंधरा मिनिटं त्याला कोपऱ्यात वाचू द्या, मग गटात घ्या. नाहीतर तो वाचल्याचं सोंग आणतो, आणि मुलांना ते आपल्या आधी कळतं.

गुण देऊ नका. प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींसाठी एखादं वाक्य टिपून ठेवा, पण तेही मुलांसमोर नको. वही उघडली की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. गटाजवळ उभं राहिलं तरी तेच. म्हणून मी स्टूल घेऊन गटाबाहेर पाठमोरी बसते.

राहिला गोंगाट. अठ्ठेचाळीस मुलं, नऊ-दहा गट, पस्तीस मिनिटांचा तास. शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा दार वाजवलं, तेव्हापासून अर्धा वर्ग चर्चा करतो, अर्धा मूकवाचन. पुढच्या तासाला अदलाबदल. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मात्र चर्चेचा नाद सोडते आणि सगळ्यांनाच वाचत बसवते.