पूर ओसरल्यावर कामाला लागताना

२२ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. मी तेव्हा एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला होते. क्षेत्रकार्यासाठी नदीकाठच्या एका वस्तीत गेले तेव्हा हातात वही होती आणि डोक्यात प्रश्नांची यादी.

एका मावशींना मी विचारलं, "पाणी आलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" त्या उठून आत गेल्या. तो प्रश्न आजही मला बोचतो. आपत्तीनंतर लोकांना मानसिक आधार देण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच सगळ्यात आधी हे सांगते: घडलेलं पुन्हा उगाळायला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे. तिचं सार तीन शब्दांत येतं: बघा, ऐका, जोडा. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं, पण कळलं ते मावशींच्या अंगणात. दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवली आणि त्यांच्यासोबत चिखल काढायला बसले. तासाभराने त्या आपणहून बोलल्या. महालक्ष्मीचे मुखवटे सासूबाईंच्या वेळचे होते. त्यांतला एक वाहून गेला होता. पंचनाम्यात फ्रिज लिहिला गेला, गादी लिहिली गेली. मुखवट्यासाठी रकाना नव्हता.

त्या वस्तीत माणसांना सावरलं ते मुख्यतः शेजाऱ्यांनी. गणेश मंडळाच्या मांडवात स्वयंपाक व्हायचा, बायका एकमेकींची भिजलेली कागदपत्रं गच्चीवर वाळवायच्या. आपण बाहेरचे, ही वीण उसवणार नाही एवढं बघावं. कोण एकटं पडलंय, कोणाची रोजची गोळी पाण्यात गेली, कोणाला अर्ज भरता येत नाही, हे हेरून योग्य माणसाशी गाठ घालून द्यावी. जे हातात नाही, त्याचा शब्द देऊ नये. "सगळं ठीक होईल" हेसुद्धा नको.

सुरुवातीची भीती, रडू, झोपमोड बहुतेकांची हळूहळू ओसरते. तो आजार नव्हे. पण महिना उलटला तरी माणूस झोपत नसेल, कामावर जात नसेल, दारूकडे वळला असेल, तर मानसोपचाराची वाट दाखवावी. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं तर थांबायचंच नाही: त्यांना एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

एमएसडब्ल्यू झालं म्हणजे उपचार करता येतात असं नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आपली हद्द ओळखा. आणि दर आठवड्याला मार्गदर्शकांशी मोकळं बोला. मी पहिला महिना ते टाळलं आणि रात्री मलाच पाण्याचे आवाज येऊ लागले.

मदतीचे ट्रक आठवड्याभरात येईनासे झाले. मी पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, मावशींकडे गेले. कागदपत्रांची पिशवी त्यांनी छताच्या हुकाला टांगली होती. म्हणाल्या, "पोरी, पाऊस आला का मी रातभर बसूनच रायतो." मग शेजारच्या काकूंना हाक मारली. पावसाच्या रात्री दोघी एकाच घरात झोपायच्या, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं.