चावी काढली तरी इंजिन चालूच? या चुका टाळा

पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० बाळगणाऱ्यांना हे ओळखीचं आहे: चावी हातात आली तरी इंजिन हिसके देत, ठोके मारत काही सेकंद चालूच. चावी फक्त ठिणगी तोडते. इंजिन फिरतंय तोवर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जातं आणि सिलिंडरमध्ये लाल तापलेला कार्बन असेल तर ते ठिणगीशिवाय पेटतं. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही तुटतं, म्हणून तिथे हा त्रास सहसा नसतो.

लगेच स्विच बदलायला धावू नका. आधी आवाज ऐका. इंजिन नेहमीसारखं एकसुरी चालत राहिलं तर ठिणगी अजून मिळतेय; मग स्विच आणि वायरिंग तपासा. हिसके आणि ठोके असतील तर स्विच निर्दोष आहे.

सगळ्यात जास्त नडतो तो वाढवलेला स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग. सिग्नलला गाडी बंद पडते म्हणून स्क्रू पिळला जातो, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) जरा उघडाच राहतो आणि चावी काढल्यावरही इंजिनला हवा-पेट्रोल मिळत राहतं. गाडी बंद का पडते ते शोधा, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघून घ्या, मग स्लो कंपनीच्या आकड्यावर आणा. बंद करताना रेस देण्याची सवयही सोडा. घाट चढून आलात तर मिनिटभर स्लोवर चालू द्या, मगच चावी फिरवा.

कार्बोरेटरवर स्लोचं पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) असेल तर चावी ऑन ठेवून, इंजिन बंद असताना, त्याची वायर काढून पुन्हा लावा. 'टक्' ऐकू यायला हवं. नाही आलं, तर तिथे करंट पोहोचतोय का ते बघा.

ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग घेताना नुसते आटे जुळवू नका. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग (टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम (टोक तापलेलं ठेवणारा). कंपनी बदलताना इथेच गफलत होते, आणि चुकून बसलेल्या गरम प्लगचं टोक स्वतःच पेट्रोल पेटवतं. महागडं पेट्रोल भरून ठोके कमी झाले तरी आतला कार्बन तसाच राहतो; तो हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून साफ करणंच खरं.

गाडी थांबतच नसेल तर प्लगची वायर उपटू नका, ठिणगी तशीही बंदच आहे. मोकळ्या जागी ब्रेक घट्ट दाबा, चौथा गिअर टाका आणि क्लच सोडा.