रास्पबेरी पायवर नेण्याआधी गेटऑप्ट तपासा

लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला सीचा प्रोग्रॅम रास्पबेरी पायवर न्यायचाय? मग आधी मेनमधला गेटऑप्टचा (कमांडसोबत दिलेले ऑप्शन वाचणाऱ्या फंक्शनचा) लूप उघडा. गेटऑप्टचं उत्तर कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय ते बघा. ते चार असेल (आकडा नव्हे, टाइप), तर बग सापडलाच. ऑप्शन संपले की गेटऑप्ट उणे एक देतं. इंटेल-एएमडीवर चार साइन्ड असतो, म्हणजे त्यात उणे आकडे मावतात, म्हणून तुलना जुळते. पायच्या एआरएम प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, तो अनसाइन्ड. उणे एकाचे २५५ होतात आणि लूप थांबायचं नाव घेत नाही. स्विचमध्ये डीफॉल्ट असेल तर आणखी वाईट: कमांड बरोबर असूनही प्रोग्रॅम यूसेज (कमांड कशी वापरायची ते) छापून बाहेर पडतो, आणि आपण बसतो स्वतःचं टायपिंग तपासत. इलाज एका शब्दाचा, इंट.

एम-वन मॅकवर चाललं म्हणून निर्धास्त होऊ नका; तिथे एआरएम असूनही ॲपलने चार साइन्डच ठेवलाय. पाय हाताशी नसेल तर लॅपटॉपवरच जीसीसी कंपायलरला चार अनसाइन्ड धरायला लावणारा फ्लॅग द्या, एक्स्ट्रा वॉर्निंग्ज चालू करा. ही तुलना नेहमी खरीच ठरणार, असं कंपायलरच कुरकुरतो. लूपमध्ये ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) तुलना केली असेल तर तिथेही उणे एकच लिहा, पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) तेच सांगतं.

अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्येही चालवणार असाल तर टेस्ट स्क्रिप्टमध्ये ऑप्शन आधी, फाइलचं नाव मागून. ग्लिबसी (नेहमीच्या लिनक्सवरची सीची लायब्ररी) आर्ग्युमेंट मागेपुढे करून आपला गबाळेपणा झाकतं. मसल (अल्पाइनची सी लायब्ररी) आणि बीएसडीचं गेटऑप्ट पहिल्या फाइलनावापाशीच थांबतं. पॉझिक्सली-करेक्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं की ग्लिबसीही तसंच वागतं, त्यामुळे हे घरच्या घरी तपासता येतं.

गेटऑप्ट-लाँग (लांब नावाच्या ऑप्शनसाठीचं फंक्शन) वापरलंय? ऑप्शनच्या टेबलात शेवटची शून्यांची ओळ आहे ना, बघा. त्याच टेबलातला फ्लॅगचा पॉइंटर इंटचाच हवा. तिथे कास्ट करून बूल दिला असेल, तर एका बाइटच्या जागेत अख्खा इंट लिहिला जातो आणि शेजारचं व्हेरिएबल बिघडतं.

मेकफाइलमध्ये स्टँडर्ड सी-९९ असं कडक मागितलं असेल, तर युनिस्टडी हेडर घेऊनही ग्लिबसी गेटऑप्टचं डिक्लरेशन दाखवत नाही. जुनं जीसीसी वॉर्निंगवर भागवायचं, १४ पासून थेट एरर येते. पॉझिक्सचा फीचर मॅक्रो सगळ्या इन्क्लूडच्या वर टाका. विंडोजवर व्हिज्युअल सीसोबत गेटऑप्ट येतच नाही. बीएसडीच्या गेटऑप्टची प्रत लायसन्ससकट सोर्समध्येच ठेवा.