कॅलिफोर्नियातली सरकारी शाळा आणि घरी मराठी बोलणारं मूल

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रॅमोनकडे नव्याने आलेले मराठी पालक पहिल्यांदा अडखळतात ते शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर. पत्ता, जन्मतारीख, लसीकरण इथवर सगळं सरळ असतं. मग येतं ‘होम लँग्वेज सर्व्हे’चं पान. त्यात चार प्रश्न असतात: मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी ते बहुतेक वेळा काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता आणि घरातली मोठी माणसं काय बोलतात. पहिल्या तीन उत्तरांपैकी एकात जरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आली, तरी मुलाची इंग्रजीची चाचणी होते. फक्त चौथ्या उत्तरात मराठी असेल, तर काय करायचं ते डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, ठरवते.

‘मराठी लिहिलं की मुलाला खालच्या वर्गात टाकतात’ ही भीती मनातून काढून टाका. चाचणीवरून इयत्ता बदलत नाही, इंग्रजीची मदत द्यायची की नाही तेवढंच ठरतं. भीतीपोटी सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहिलं, तर मदतीची खरी गरज असलेलं मूल कुणाच्या नजरेतच येत नाही. फॉर्ममधलं उत्तर नंतर दुरुस्त करता येतं, पण चाचणी होऊन गेल्यावर त्या दुरुस्तीने निकाल बदलत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोघांनी बसून खरी उत्तरं ठरवा. आजी दिवसभर मुलाजवळ असेल, तर तिची भाषाही धरा.

पहिली चाचणी

चाचणीचं नाव ‘इनिशियल ईएलपॅक’ (ELPAC), म्हणजे राज्याची इंग्रजीची प्राथमिक चाचणी. प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत ती व्हावी लागते. किंडरगार्टन ते बारावीपर्यंत ती लागू आहे. त्याआधीच्या ‘टीके’ (TK, ट्रान्झिशनल किंडरगार्टन) वर्गाला २०२४ पासून वगळलं आहे. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं हे चारही भाग तपासतात. गुण १५० ते ६०० असतात. ४५० किंवा जास्त मिळाले की मूल इंग्रजीत तयार मानतात, त्याखाली असेल तर ‘इंग्लिश लर्नर’ अशी नोंद होते.

इथे सर्वांत जास्त गडबड होते ती पाच वर्षांच्या मुलांची. किंडरगार्टनमध्ये ९० टक्के भार ऐकण्या-बोलण्यावर असतो. अनोळखी बाई समोर चित्र ठेवून ‘इथे काय चाललंय?’ असं विचारते. घरी दोन्ही भाषांत अखंड बडबडणारं मूल लाजतं आणि ‘डॉग’, ‘बॉल’ एवढंच म्हणतं. सुट्ट्या शब्दांना गुण कमी मिळतात. मग इंग्रजी येत असूनही ‘इंग्लिश लर्नर’ची नोंद लागते आणि पुढे दर वर्षी परीक्षा मागे लागते. त्यासाठी क्लास लावू नका. चित्रांचं पुस्तक उघडून मुलाला पूर्ण वाक्यांत सांगायला लावा, गोष्ट ऐकवून ती परत सांगायला लावा. हे मराठीत केलं तरी चालतं, कारण गोष्ट क्रमाने सांगण्याची सवय दोन्ही भाषांत उपयोगी पडते. चाचणीच्या दिवशी मूल आजारी असेल, तर तारीख बदलून मागा.

निकाल चुकीचा वाटला, तर मुलाची पहिली वार्षिक चाचणी होण्याआधी वर्गीकरणाचा फेरविचार लेखी मागा. वर्गशिक्षिकाही तो मागू शकते. ही संधी एकदाच मिळते, त्यामुळे शिक्षिकेची निरीक्षणं आणि वर्गातलं काम सोबत जोडा.

मदत म्हणजे नक्की काय

निकालाचं आणि कार्यक्रमाचं पत्र शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत आलं पाहिजे. मूल वर्षाच्या मध्ये आलं असेल, तर दोन आठवड्यांत. मदतीचे दोन भाग असतात. एक, रोज फक्त इंग्रजी शिकवण्यासाठी राखलेला वेळ. दुसरा, गणित-विज्ञान शिकवतानाच दिलेला भाषेचा आधार. शाळेला नेमकं विचारा: राखीव वेळ रोज किती मिनिटं, कोण शिकवतं, आणि तेवढ्या वेळात मुलाचा कोणता तास बुडतो? सहावीपासून पुढे बहुधा चित्रकला किंवा संगीताचा तास जातो. मुख्य विषय मात्र बुडवता येत नाहीत, ते नियमात बसत नाही. राखीव वर्ग तुम्ही लेखी नाकारू शकता, पण नोंद राहतेच आणि वार्षिक चाचणीही टळत नाही.

साताऱ्याहून किंवा नांदेडहून मराठी माध्यमातली सातवी करून आलेल्या मुलाची अडचण निराळी. ते सुरुवातीचे काही महिने वर्गात गप्प बसतं आणि गणितातही कच्चं ठरतं. खरं कारण पुष्कळदा वहीतच दिसतं. आपल्याकडचे अंक देवनागरी. १ इथल्या शिक्षिकेला नऊ वाटतो, ४ आठसारखा दिसतो. आपण भागाकार उजवीकडे लिहितो, इथे तो वर लिहितात. एक लाखाचा स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतो, तारखेत महिना आधी येतो. यादी करून हे सगळं शिक्षिकेला दाखवा, आणि गणिताची पातळी शाब्दिक उदाहरणांवरून न ठरवता आकडेमोडीवरून ठरवा, अशी विनंती करा. शिकण्यात खरोखर अडथळा असल्याची शंका असेल, तर तपासणी शक्य तिथे मुलाच्या भाषेत व्हावी लागते. इंग्रजी न येणं हे अपंगत्व नव्हे, हे त्या तपासणीच्या बैठकीत स्पष्ट बोला.

शाळेतल्या १५ टक्के मुलांची भाषा एकच असेल, तरच पत्रकं त्या भाषेत पाठवण्याची सक्ती आहे. मराठी तिथवर पोचत नाही. म्हणून बैठकीच्या आठवडाभर आधी ईमेलवर मराठी दुभाषी मागा; फोनवरचाही चालतो. मुलालाच दुभाषी करू नका. त्याच्याच तक्रारीचं भाषांतर त्याने करावं, हे त्याच्यावर अन्यायाचं आहे.

२१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर असलेल्या शाळेत पालकांची ‘ईलॅक’ समिती असावीच लागते, ५१ झाले की डिस्ट्रिक्टची ‘डीलॅक’. तिथे आपले पालक कमी दिसतात. जा, बोला. एखाद्या शाळेतल्या ३० किंवा एका इयत्तेतल्या २० मुलांच्या पालकांनी भाषेचा विशिष्ट कार्यक्रम मागितला, तर तो शक्य आहे का हे शाळेला तपासावंच लागतं.

‘इंग्लिश लर्नर’ची नोंद काढली जाते कशी

दर वर्षी फेब्रुवारी ते मे ‘समेटिव्ह ईएलपॅक’ ही वार्षिक चाचणी होते. तिच्यात एकूण पातळी ४, म्हणजे सर्वांत वरची, यावी लागते. शिवाय शिक्षिकेचं मत, पालकांशी चर्चा आणि इंग्रजीच्या मूलभूत कौशल्यांचा निकाल हे तिन्ही बघतात. पुष्कळदा पातळी ४ येऊनही कागद फिरत नाहीत. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, निकाल हातात पडताच, ‘रीक्लासिफिकेशन (नोंद काढणं) कधी?’ असं ईमेल करा. नोंद निघाल्यावरही शाळा चार वर्षं लक्ष ठेवते. त्या काळात गुण घसरले, तर मदत परत मागा.

मराठी मात्र सोडू नका. हायस्कूलच्या शेवटी दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्याला ‘सील ऑफ बायलिटरसी’ हा द्विभाषिकतेचा सन्मान मिळतो. मराठीची एपी (हायस्कूलमधली कॉलेज-पातळीची) परीक्षा नाही, म्हणून डिस्ट्रिक्ट कोणती चाचणी मानतं ते समुपदेशकाला नववीतच विचारा. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा गावात असतील, तर वाचन-लेखनाचा पाया तिथे पक्का होतो. आणि भारतात सहावी-सातवी मराठी माध्यमात झाली असेल, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची दुसऱ्या भाषेची अट त्यावरही पुरी होऊ शकते. त्यासाठी भारतातून निघण्यापूर्वीच दोन्ही वर्षांची गुणपत्रकं आणि माध्यम ‘मराठी’ असल्याचा शाळेचा दाखला इंग्रजी प्रतीसह घ्या. इथून मागवायला गेलात, तर महिने जातात.