रोमान्स भाषांचा विद्यापीठीय अभ्यास : या चुका टाळा

फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज आणि रोमेनियन या पाच मोठ्या भाषा आणि कॅटलान, ऑक्सिटन, गॅलिशियन, सार्डिनियन यांसारख्या त्यांच्या बहिणी बोलीतील लॅटिनपासून निघाल्या, हे पहिल्याच तासाला सांगितले जाते. या नात्याचे पुढे करायचे काय, हे मात्र बहुतेक वेळा विद्यार्थ्यावर सोडले जाते. रोमान्स भाषांच्या पदवीला अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते : जिथे हे नाते कामाला लावायला हवे तिथे ते विसरले जाते आणि जिथे ते बाजूला ठेवायला हवे तिथे त्याच्यावर भिस्त ठेवली जाते.

पदवीला शिकवणीवर्ग समजणे

प्रवेश घेताना अनेकांच्या डोळ्यांसमोर संभाषण असते. प्रत्यक्षात भाषेच्या सरावाबरोबर साहित्य, भाषाविज्ञान, भाषेचा इतिहास आणि अनुवाद हे विषय येतात आणि वरच्या वर्षांत त्यांचेच पारडे जड होत जाते. भाषेवरील प्रभुत्व मोजणाऱ्या, युरोप परिषदेच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ए१ (प्राथमिक) ते सी२ (सर्वोच्च) या श्रेणींपैकी बी२ गाठून आलेला विद्यार्थीही ध्वनिव्यवस्थेच्या तासाला गांगरतो, कारण अस्खलित बोलणे आणि आपण कसे बोलतो याचे वर्णन करणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. म्हणून केवळ पहिल्या वर्षाचा नव्हे, तर सर्व वर्षांचा अभ्यासक्रम आधी वाचावा. दुसरी भाषा शून्यापासून शिकवली जाणार की पूर्वज्ञान गृहीत धरलेले आहे आणि लॅटिन सक्तीचे आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी मिळवावीत. शून्यापासून शिकवली जाणारी भाषा विद्यापीठात फार वेगाने पुढे सरकते; पहिल्या काही आठवड्यांत मागे राहिलेल्याला ते अंतर भरून काढणे जड जाते.

लॅटिन वगळणे, किंवा चुकीच्या टोकाने धरणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर अधिक थांबतो. ‘रात्र’ या अर्थाचा शब्द स्पॅनिशमध्ये नोचे, इटालियनमध्ये नोत्ते, पोर्तुगीजमध्ये नोइते, फ्रेंचमध्ये न्युई आणि रोमेनियनमध्ये नोआप्ते असा आहे. ‘आठ’ या अर्थाचे शब्द त्याच क्रमाने ओचो, ओत्तो, ओइतो, युइत आणि ओप्त असे आहेत. ‘दूध’ या अर्थाचे लेचे, लात्ते, लेइते, ले आणि लाप्ते. हे पंधरा शब्द सुटे पाठ करणारा विद्यार्थी पंधरा वेळा श्रम करतो. लॅटिनमधील ‘क्त’ या जोडाक्षराचा स्पॅनिशमध्ये ‘च’, इटालियनमध्ये ‘त्त’, पोर्तुगीजमध्ये ‘इत’ आणि रोमेनियनमध्ये ‘प्त’ झाला, हे एकदा ध्यानात आले की पुढचे कित्येक शब्द ओळखीचे होऊन समोर येतात. फ्रेंचमध्येही ‘इत’च झाले होते, त्यातला तकार ‘रात्र’ आणि ‘दूध’ या शब्दांच्या उच्चारातून गळला, पण लेखनात अजून जागेवर आहे.

मराठी विद्यार्थ्याला ही प्रक्रिया परकी वाटण्याचे कारण नाही. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ आणि मराठीत ‘सात’ झाले, ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’ झाले. लॅटिन ‘सेप्तेम’चे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ होणे ही अगदी त्याच जातीची घटना आहे. आपल्या भाषेचा इतिहास थोडासा जरी माहीत असला, तरी जर्मन भाषाभ्यासक फ्रीड्रिश डीत्स यांनी १८३६ ते १८४४ या काळात प्रसिद्ध केलेल्या व्याकरणापासून रूढ झालेली रोमान्स भाषांची तौलनिक पद्धत समजायला फार सोपी जाते आणि या शिदोरीचा वापर न करणे हे मला खरोखर नुकसानीचे वाटते.

लॅटिनचे चुकीचे टोक म्हणजे शब्दकोशात प्रथम दिसणारे रूप. तिथे ‘रात्र’ या अर्थी ‘नॉक्स’ हे प्रथमा विभक्तीचे रूप असते आणि त्यातून नोचे किंवा नोत्ते कसे निघाले, या प्रश्नावर विद्यार्थी अडतो. रोमान्स भाषांतील बहुतेक नामे द्वितीयेच्या रूपातून आली आहेत, म्हणून शोध ‘नोक्तेम’पासून सुरू करायला हवा. दुसरे चुकीचे टोक म्हणजे केवळ अभिजात ग्रंथांची लॅटिन. तिच्यात घोड्याला ‘एक्वुस’ म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘काबाल्लुस’ होता आणि इटालियन काव्हाल्लो, फ्रेंच शव्हाल किंवा रोमेनियन काल हे सारे त्याचे वंशज आहेत. व्युत्पत्ती जुळत नसेल, तर ध्वनिनियमावर शंका घेण्याआधी आपण मूळ शब्द तरी बरोबर धरला आहे का, हे तपासावे.

आणखी एक अडचण हमखास येते. ‘क्त’चा ‘च’ होतो हे शिकलेला विद्यार्थी स्पॅनिश ‘दिरेक्तो’ पाहतो आणि नियम मोडला असे लिहून मोकळा होतो. नियम मोडलेला नसतो. बोलण्याच्या परंपरेतून आलेला ‘देरेचो’ हा तद्भव आहे आणि विद्वानांनी ग्रंथांतून नंतर उचललेला ‘दिरेक्तो’ हा तत्सम आहे. मराठीत ‘हात’ आणि ‘हस्ताक्षर’ जसे शेजारी नांदतात, तसेच हे आहे. फ्रेंचमधील ‘फ्रेल’ आणि ‘फ्राजील’, स्पॅनिशमधील ‘एस्त्रेचो’ आणि ‘एस्त्रिक्तो’ याच प्रकारच्या जोड्या आहेत. अपवाद दिसला की पहिला प्रश्न हाच विचारावा : हा शब्द तोंडातून आला की पोथीतून?

सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा मानणे

हिंदीतील ‘शिक्षा’ ऐकून मराठी माणूस चपापतो, कारण नाते जवळचे असले की फसगतही जवळून होते. इटालियनमध्ये ‘सालीरे’ म्हणजे वर चढणे, स्पॅनिशमध्ये ‘सालिर’ म्हणजे बाहेर पडणे आणि फ्रेंचमध्ये ‘सालीर’ म्हणजे मळवणे. ‘लार्गो’ इटालियनमध्ये रुंद आहे, स्पॅनिशमध्ये लांब. स्पॅनिशमधील ‘ओफिसिना’ हे कार्यालय असते, पोर्तुगीजमधील कारखान्याची किंवा दुरुस्तीची जागा. वाचताना अशा शब्दांनी वाक्याचा अर्थ बिघडला की निदान शंका तरी येते. लिहिताना ती येत नाही आणि चूक तशीच राहते. त्यामुळे असे शब्द सुटे न लिहिता वाक्यांत लिहून ठेवावेत आणि ज्या दोन भाषा सर्वांत जवळच्या आहेत, म्हणजे स्पॅनिश आणि पोर्तुगीज, त्यांच्याबाबत सर्वाधिक सावध राहावे.

लिंगाचेही असेच आहे. दूध स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे. इटालियन, फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी. फूल फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, इटालियनमध्ये पुल्लिंगी. ‘प्रवास’ या अर्थाचा ‘व्याखे’ स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी असतो, पण पोर्तुगीजमध्ये त्याचा भाऊ शोभेल असा शब्द स्त्रीलिंगी आहे. विशेषणाने नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचे असते, ही जाणीव ‘चांगला, चांगली, चांगले’ बोलणाऱ्याला जन्मजात असते. प्रश्न फक्त लिंग ठाऊक असण्याचा आहे. त्यासाठी प्रत्येक नाम उपपदासह पाठ करण्याला पर्याय नाही.

रूप सारखे म्हणून वापरही सारखा मानणे

व्याकरणातील बहुतेक गंभीर चुका येथे होतात. सहायक क्रियापद आणि धातुसाधित मिळून होणारा भूतकाळ या सर्व भाषांत आहे, परंतु त्याचे काम प्रत्येकीत वेगळे आहे. फ्रेंच संभाषणात घडून गेलेल्या गोष्टीसाठी तोच नेहमीचा काळ आहे आणि साधा भूतकाळ बव्हंशी लेखी कथनापुरता उरला आहे. स्पॅनिशमध्ये ‘काल’ या शब्दाबरोबर साधा भूतकाळच लागतो. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तर स्पेनमधील लोक जिथे संयुक्त रूप वापरतात, तिथेही साधेच रूप ऐकू येते. पोर्तुगीजमध्ये ‘तेन्यो लिदो’ याचा अर्थ ‘मी वाचले आहे’ असा होत नाही. अलीकडे मी वरचेवर वाचत आलो आहे, असा होतो. स्पॅनिशहून पोर्तुगीजकडे वळणारा जवळजवळ प्रत्येक जण येथे घसरतो.

सहायक क्रियापदाची निवड हा पुढचा प्रश्न आहे. फ्रेंच आणि इटालियनमध्ये काही क्रियापदे ‘असणे’ या अर्थाचे सहायक घेतात आणि काही ‘जवळ असणे’ या अर्थाचे. स्पॅनिशमध्ये हा भेद उरलेला नाही. त्याला जोडून धातुसाधिताची अन्विती, म्हणजे लिंगवचनाप्रमाणे त्याचे बदलणे, येते, जी फ्रेंच शिकणाऱ्यांची डोकेदुखी समजली जाते. मराठीतून पाहिले तर तिचा अर्धा भार हलका होतो. ‘ती गेली’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते आणि ‘मी पत्रे लिहिली’ यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही ‘एल ए आले’ (ती गेली) या वाक्यातील धातुसाधित लेखनात कर्त्याप्रमाणे स्त्रीलिंगी होते, आणि ‘मी लिहिलेली पत्रे’ अशा रचनेत कर्म आधी आल्यामुळे धातुसाधित कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचनी होते (‘पत्र’ या अर्थाचा फ्रेंच शब्द स्त्रीलिंगी आहे). फरक एवढाच, की फ्रेंचमध्ये कर्म नंतर आले तर ही अन्विती होत नाही. दोन्ही व्यवस्था ऐतिहासिकदृष्ट्या स्वतंत्र आहेत हे लक्षात ठेवून हे साम्य केवळ आधारासाठी घ्यावे.

सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा, शंका, अपेक्षा यांच्या छायेतील क्रियापदरूप, हे या भाषांत कधी लागते याचे एकच सूत्र मनात बसवले जाते आणि तेच घात करते. ‘तो येईल अशी आशा आहे’ हे वाक्य स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये सब्जंक्टिव्ह मागते, फ्रेंचमध्ये मात्र साधा भविष्यकाळ पुरतो. ‘मला वाटते की ते खरे आहे’ यात प्रमाण इटालियन सब्जंक्टिव्ह मागते, तर स्पॅनिश आणि फ्रेंच मागत नाहीत. म्हणून भावनेवरून रूप ठरवू नये; कोणत्या भाषेत कोणते क्रियापद कोणते रूप घेते, याची नोंद क्रियापदागणिक करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला दिसलेला नाही.

उच्चार इंग्रजीच्या वाटेने शिकणे

रोमन लिपी इंग्रजीतून ओळखीची झालेली असल्याने मराठी विद्यार्थी रोमान्स भाषांतील तकार आणि दकार ‘ट’ आणि ‘ड’ असे उच्चारतो. वास्तविक फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये हे वर्ण दंत्य आहेत, म्हणजे आपले ‘त’ आणि ‘द’. ‘प’ आणि ‘क’ही अल्पप्राणच आहेत. जे घरातच आहे ते सोडून उसने घेण्याचा हा प्रकार पहिल्या आठवड्यातच थांबवावा, कारण सवय मुरल्यावर ती सुटत नाही. इटालियन द्वित्तांकडेही असेच दुर्लक्ष होते : ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतील भेद ऐकू येणाऱ्या कानाला हा भेद अवघड नाही.

वाचलेले सारे कळते पण ऐकलेले कळत नाही, ही तक्रार फ्रेंचबाबत सर्वाधिक येते. तिचे कारण शब्दसंपत्तीत नसून शब्दांच्या सीमांत असते : अंत्य व्यंजने एरवी मूक असतात आणि पुढे स्वर आला की त्यांतील काही जागी होतात. अशा वेळी नवे शब्द पाठ करण्याऐवजी एक-दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित उतारा ऐकून तो शब्दशः लिहून काढावा, मग मूळ मजकुराशी ताडून पाहावा आणि कोणता शब्द कोणत्या शब्दाला चिकटला होता ते खुणेने दाखवावे.

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत ठराविक वाक्ये लिहिणे

इ. स. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले आणि लॅटिनच्या जागी नव्या भाषा आल्या, असे वाक्य लिहू नये. भाषा एखाद्या वर्षी बदलत नाही. ८१३ साली फ्रान्समधील तूर येथील धर्मसभेने प्रवचने लोकांच्या ‘ग्रामीण रोमन’ भाषेत द्यावीत असे ठरवले आणि ८४२ मध्ये दोन फ्रँक राजांनी परस्परांना साथ देण्यासाठी घेतलेल्या स्ट्रासबुर्गच्या शपथांत त्या भाषेचे एक रूप लेखी दिसते. या दोन नोंदींवरून एवढेच सांगता येते, की तोपर्यंत भेद जाणवण्याइतका वाढला होता. त्याचप्रमाणे सिसिलियन किंवा व्हेनिशियन या बिघडलेल्या इटालियन बोली आहेत, कॅटलान ही स्पॅनिश आणि फ्रेंचची भेसळ आहे, अशी विधानेही टाळावीत. त्या लॅटिनच्या स्वतंत्र वंशज आहेत. ऑक्सिटनमध्ये लिहिणारे फ्रेदेरिक मिस्त्राल यांना १९०४ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते, याची आठवण अशा वेळी ठेवलेली बरी.

दोन भाषांना एकाच वहीत बसवणे

इटालियन बोलताना स्पॅनिश शब्द तोंडात येणे हे अभ्यास कमी पडल्याचे लक्षण नाही. नवी भाषा अजून जुनीच्या आधाराने उभी असल्याचे ते लक्षण आहे. शक्य असल्यास पहिली भाषा बी२च्या आसपास स्थिर होईपर्यंत तिची सख्खी बहीण सुरू करू नये. अभ्यासक्रमामुळे दोन्ही एकत्र आल्याच, तर एकाच बैठकीत दोन्हींचा सराव करू नये, वेळा वेगळ्या ठेवाव्यात आणि आंतरभाषिक कोशांपेक्षा त्या त्या भाषेतील एकभाषिक कोश वापरण्याची सवय लवकर लावावी. मिसळ ठराविक शब्दांतच होते, असे बहुधा आढळते : ‘पण’, ‘अजून’, ‘सोबत’, ‘केव्हा’ यांसारखे छोटे शब्द सर्वांत आधी सरकतात. त्यांची यादी करून प्रत्येक भाषेत दहा-दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत.

वह्यांबाबत माझा आग्रह असा, की तौलनिक नोंदींची वही एकच असावी, तिच्यात लॅटिन मूळ आणि प्रत्येक भाषेसाठी एकेक रकाना असावा, आणि ती फक्त भाषेतिहास व शब्द ओळखण्यासाठी उघडावी. बोलण्या-लिहिण्याच्या वह्या मात्र भाषागणिक वेगळ्या असाव्यात आणि त्यांत दुसऱ्या भाषेचा एकही शब्द येऊ देऊ नये. निबंध लिहायला बसताना पहिली वही खणात बंद असावी.