आतले आभासी यंत्र का सुरू होईना?
राजारामपुरीतल्या आमच्या कार्यालयात मी लिहिलेल्या हायपरव्हायझरवर (आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवणाऱ्या प्रणालीवर) बाहेरचे आभासी यंत्र व्यवस्थित चालत असे; मात्र त्याच्या आत दुसरे सुरू करताच त्रुटी क्रमांक ७, म्हणजे अवैध नियंत्रण-क्षेत्र, येत असे. दोष माझाच होता. इंटेल प्रोसेसरच्या सुविधा नोंदवणाऱ्या क्षमता-रजिस्टर ४८१ मधील (क्रमांक सोळा-आधारी) वरचे ३२ बिट कोणत्या सुविधा चालू करता येतात ते सांगतात आणि मी खऱ्या प्रोसेसरचे मूल्य जसेच्या तसे पुढे दिल्याने, मी हाताळतच नसलेले ‘पोस्टेड इंटरप्ट’ (चालत्या आभासी यंत्राला व्यत्यय-संकेत थेट पोचवण्याची सुविधा) बाहेरच्या यंत्रात चालणारा आतला हायपरव्हायझर बिनदिक्कत चालू करत होता. तो ३९वा बिट शून्य केला, तरी तीच त्रुटी! ४८० या मूळ माहितीच्या रजिस्टरमधील ५५वा बिट १ असल्यामुळे आतला हायपरव्हायझर ४८१ ऐवजी त्याचे पर्यायी रजिस्टर ४८डी वाचत होता, हे समोरचा चहा पार गार झाल्यावर उमगले. तिथेही तोच बिट झाकला आणि आतले यंत्र सुरू झाले. खालचे ३२ बिट कोणत्या सुविधा चालू ठेवणे सक्तीचे ते सांगत असल्याने त्यांना हात लावला नाही.