मुलाच्या गरजा आणि हक्क: घरच्या घरी तपासणी कशी करावी

भूक ही गरज आहे. ती भागवायला कुणीतरी बांधील असतं, तेव्हा तिचा हक्क होतो. मुलांची आबाळ होते तिथे गरज बहुतेक वेळा सगळ्यांना दिसत असते, पण तिची जबाबदारी नक्की कुणाची हे कुणीच ठरवलेलं नसतं. म्हणून इथे दिलेली पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: मुलाच्या प्रत्येक गरजेपुढे एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं.

या तपासणीला आधार आहे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा. महासभेने ती २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली आणि २ सप्टेंबर १९९० पासून ती लागू झाली. तिची ५४ कलमं आहेत आणि सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती तिच्या दृष्टीने मूल आहे. सगळी कलमं पाठ असायची गरज नाही. चार तत्त्वं मात्र डोक्यात पक्की हवीत: कुठल्याही मुलाशी भेदभाव नको (कलम २), निर्णय घेताना मुलाच्या हिताला प्राधान्य (कलम ३), जगण्याचा आणि वाढीचा हक्क (कलम ६) आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेणं (कलम १२).

पायरी १: कागद आखा

प्रत्येक मुलासाठी वेगळा कागद घ्या. त्यावर सात रकाने पाडा: गरज, सध्या काय चालू आहे, काय हवं, अडचण, बदल, कोण बघणार, पुन्हा कधी तपासणार. मुलाची देखभाल करणारी सगळी मोठी माणसं एकत्र बसा. कलम १८ नुसार मुलाच्या संगोपनाची जबाबदारी आई आणि वडील दोघांची आहे, तेव्हा एकट्या आईने हा कागद भरला तर तपासणी तिथेच फसली.

एक ओळ भरल्यावर कशी दिसावी ते बघा. गरज: झोप. सध्या: वय ७, रात्री साडेदहाला झोपतं, सकाळी सहाला उठतं, म्हणजे साडेसात तास. हवं: ९ ते १२ तास. अडचण: रात्रीचं जेवणच दहाला होतं. बदल: जेवण आठला, दिवे नऊला बंद. कोण बघणार: बाबा. पुन्हा तपासणी: १५ दिवसांनी.

‘झोपेकडे लक्ष देऊ’ असं लिहिलंत तर त्याचा उपयोग नाही, कारण १५ दिवसांनी ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘आम्ही सगळे बघू’ हेही नको. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही.

घरात एकापेक्षा जास्त मुलं असतील तर कागद भरून झाले की शेजारी शेजारी ठेवा. आधी कुणाला वाढलं जातं? आजारी पडल्यावर डॉक्टरकडे लगेच कुणाला नेतात आणि कुणाला ‘बघू उद्या’ म्हणतात? घरकामात कुणाचे किती तास जातात? घरात अडचण आली की शाळा कुणाची बुडते? मुलगी आणि मुलगा, सख्खं आणि सावत्र, धडधाकट आणि अपंग यांच्यातला फरक एरवी कुणी कबूल करत नाही. कागदावर तो लपत नाही.

पायरी २: गरज आणि हट्ट वेगळे करा

महिनाभर ही गोष्ट मिळाली नाही तर मुलाची तब्येत, शिकणं, नाती किंवा सुरक्षितता यांपैकी काही बिघडेल का? उत्तर ‘हो’ आलं तर ती गरज. ‘नाही, फक्त रुसेल’ असं आलं तर ती इच्छा. नवा मोबाइल इच्छेत जातो, पण अंधुक दिसणाऱ्या मुलाचा चष्मा गरजेतच येतो.

इथे पालक एक चूक हमखास करतात: गरजा बक्षिसासारख्या वापरतात. जेवण, झोप, खेळ, औषध, शाळा आणि माया या गोष्टी मुलाने ‘कमवायच्या’ नसतात आणि शिक्षा म्हणून त्या काढूनही घ्यायच्या नसतात. ‘गुण कमी पडले, आता महिनाभर खेळायला जायचं नाही’ ही शिक्षा कलम ३१ मधल्या खेळाच्या हक्कावर घाला घालते, शिवाय अभ्यासही सुधारत नाही. शिस्तीसाठी काढून घ्यायचंच असेल तर इच्छेच्या यादीतलं काढा.

पायरी ३: शरीर

बाळाला जन्मानंतर तासाभरात छातीशी घ्यावं आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या काळात वरचं पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवायचं. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करून सहा ते आठ महिन्यांच्या वयात दिवसातून २ ते ३ वेळा, ९ महिन्यांपासून ३ ते ४ वेळा खायला द्या आणि मध्ये एक-दोनदा थोडा खाऊ. अन्न चमच्यावरून ओघळून पडेल इतकं पातळ असलं तर पोट भरतं, पण पोषण होत नाही. बाळाची वाढ अडते त्याचं हे एक नेहमीचं कारण. एक वर्षाच्या आत मध देऊ नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

वजन आणि उंची वाढीच्या तक्त्यावर नोंदवत राहा. एकच आकडा फारसं काही सांगत नाही. रेघ वर चढते आहे, सपाट झाली आहे की खाली वळली आहे, हे पाहायचं. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण समजतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ११५ ते १२५ च्या मध्ये असेल तरी आरोग्य केंद्रात दाखवून उपचार सुरू करायला हवेत.

जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट पाजा. अर्धं पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात घालू नका. क्षार जास्त झाले तर अपाय होतो. मूल मलूल झालं, पिता येईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबायचं नाही.

झोपेचे आकडे कागदावर लिहून ठेवा: १ ते २ वर्षं, ११ ते १४ तास. ३ ते ५ वर्षं, १० ते १३. ६ ते १२ वर्षं, ९ ते १२. किशोरवयात ८ ते १०. लसीकरणाची तारीख चुकली असेल तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. राहिलेल्या बहुतेक लसी उशिरा देता येतात.

पायरी ४: नाव आणि दाखला

हे काम छोटं आहे, पण राहून गेलं तर फार महागात पडतं. कलम ७ प्रमाणे जन्माची नोंद लगेच व्हायला हवी. वयाचा पुरावा नसेल तर मूल अल्पवयीन आहे हेच सिद्ध करता येत नाही. मग कमी वयात लग्न लावणाऱ्याला, कामाला जुंपणाऱ्याला किंवा प्रौढांच्या तुरुंगात टाकणाऱ्याला अडवणं अवघड होतं. दाखल्यावरचं नाव आणि तारीख अक्षर अन् अक्षर तपासा आणि चूक असेल तर मूल शाळेत जाण्याआधीच दुरुस्त करून घ्या, कारण पुढचे सगळे कागद त्याच चुकीवर तयार होत जातात.

पायरी ५: नातं, खेळ, शिकणं

पोट भरलेलं, कपडे स्वच्छ, तरी मूल वाढत नाही, हे अनाथालयांमध्ये अनेक ठिकाणी दिसून आलेलं आहे. कारण मुलाला ठरलेलं, ओळखीचं, प्रतिसाद देणारं माणूस लागतं. बाळ आवाज काढतं, बघतं, बोट दाखवतं, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघून उत्तर द्यायचं आणि मग त्याच्या पुढच्या खेपेची वाट बघायची. ही देवाणघेवाण मेंदूच्या वाढीसाठी अन्नाइतकीच लागते. ती दिवसभर अधूनमधून होत राहायला हवी. रात्री अर्धा तास एकदम देऊन तिची भरपाई होत नाही. दोन वर्षांच्या आत टीव्ही-मोबाइलचा पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत.

खेळ तपासायला मुलाचा एक आठवडा तासांमध्ये मांडा: शाळा, शिकवणी, घरकाम, जेवण, झोप. उरलेल्या वेळात कुणीही न आखलेला, मूल स्वतः ठरवेल असा खेळ किती? रोज एक तासही निघत नसेल तर एखादी शिकवणी कमी करा. पाच वर्षांवरच्या मुलाला रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवीच. घरकामात हात लावणं चांगलंच, पण त्यापायी शाळा, झोप किंवा तब्येत बिघडत असेल तर कलम ३२ त्यापासून मुलाला संरक्षण देतं, मग ते काम स्वतःच्या घरचं का असेना.

पायरी ६: मत घेणं

सगळ्यात जास्त हीच पायरी टाळली जाते. कलम १२ असं म्हणतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित बाबतीत ते मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्याला वजन दिलं पाहिजे. मूल म्हणेल तसंच करावं, असं ते म्हणत नाही. लॉरा लंडी या संशोधिकेने २००७ मध्ये या कलमाची चार अंगं सांगितली: बोलायला सुरक्षित जागा, बोलायला मदत, ऐकणारं माणूस आणि निर्णयावर परिणाम. घरी बहुधा शेवटची दोन राहून जातात.

समजा, शाळा बदलायचा विचार आहे. आधी काय ठरलेलं आहे आणि काय ठरायचं आहे, हे सांगा: ‘आपण घर बदलतोय हे नक्की झालंय. शाळा या दोनपैकी कुठली, हे अजून ठरायचंय.’ ठरून गेलेल्या गोष्टीवर मत विचारू नका. मुलाला ते कळतं आणि पुढच्या वेळी ते गप्प बसतं. मग दोन्ही शाळा दाखवा. माहितीशिवाय विचारलेलं मत हा निव्वळ अंदाज असतो. त्यानंतर विचारा, ‘तुला कशाची काळजी वाटते?’ आणि थांबा. मधला शांत वेळ आपण बोलून भरून टाकायचा नाही. लाजाळू मुलाला चित्र काढून किंवा चिठ्ठी लिहून सांगू द्या. निर्णय झाल्यावर मुलाला स्वतः सांगा, कारणासकट: ‘तू म्हणालास ती शाळा लांब पडते, म्हणून दुसरी घेतली. पण तुझ्या मित्रांना भेटायला दर रविवारी जायचं, हे तुझं म्हणणं मान्य.’

न बोलणाऱ्या बाळालाही मत असतं. चमचा पुढे आला की तोंड फिरवणं हे मतच आहे. तोंड दाबून भरवलेल्या मुलाला आपलं पोट कधी भरलं, हे ओळखणंच पुढे जड जातं.

पायरी ७: सुरक्षितता

कलम १९ मध्ये शारीरिक आणि मानसिक हिंसा, दुर्लक्ष आणि शोषण या सगळ्यांपासून संरक्षण आहे, आणि त्यात घरातलं माणूसही सुटत नाही. घरातही मुलांना मारायला बंदी करणारा पहिला देश स्वीडन, १९७९ साली. मारल्याने मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून मार ‘लागू पडतो’ असं वाटतं. प्रत्यक्षात ते लपवायला शिकतं. नियम थोडे ठेवा, आधीच सांगा आणि परिणाम चुकीशी जोडलेला असू द्या: सांडलं तर पुसायचं, तोडलं तर जोडायला मदत करायची.

तीन-चार वर्षांच्या मुलाला शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं शिकवा. कुणाची मिठी किंवा पापी नको असेल तर त्याला ‘नाही’ म्हणू द्या, नातेवाईक रागावले तरी. ‘कुणी काही लपवायला सांगितलं तर मला सांगायचं’ हे अधूनमधून बोलत राहा.

मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पहिली पाच मिनिटं फार महत्त्वाची असतात. चेहरा आणि आवाज शांत ठेवा. म्हणा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही.’ ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’ हे खरं आहे. प्रश्न कमीत कमी आणि मोकळे: ‘मग काय झालं?’ ‘अमुक माणसाने हात लावला का?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्ही सुचवल्यासारखं होतं आणि पुढे चौकशीत त्याचा तोटा मुलालाच होतो. तेच ते पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. नंतर लगेच मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. संशयिताला जाब विचारायला धावू नका. तो पुरावा नष्ट करेल किंवा मुलाला धमकावेल. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका आणि तातडीने डॉक्टरांकडे न्या. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला त्याच दिवशी कळवा.

पायरी ८: घराला जमत नाही तिथे

काही ओळींपुढे घरातलं नाव लिहिताच येणार नाही: उपचारांचा खर्च, अपंग मुलाला हवं असलेलं विशेष शिक्षण, राहायला जागा. पालकांनी इथे ओशाळून जायचं कारण नाही. कलम २७ नुसार पालकांना मदत करण्याची जबाबदारी शासनावर आहे, कलम २३ अपंग मुलाच्या विशेष देखभालीचा हक्क मान्य करतं. त्या ओळीत खात्याचं किंवा अधिकाऱ्याच्या पदाचं नाव लिहा. मागणी तोंडी करू नका, अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागा. वरच्या पातळीवर दाद मागताना उपयोगी पडतो तो हाच कागद.

दोन वर्षांखालच्या मुलाचा कागद दर महिन्याला, त्यापुढे दर तीन महिन्यांनी पाहा. घर बदललं, आई-वडील वेगळे झाले, नवं भावंड आलं किंवा घरात आजारपण आलं तर लगेच. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला तो वाचून दाखवा. हक्कांची माहिती मोठ्यांबरोबर मुलांनाही द्यावी, असं कलम ४२ सांगतं. शेवटी एक रकाना त्याच्यासाठी मोकळा ठेवा, आणि तिथे त्याने जे लिहिलं असेल, त्यापुढेही एक नाव आणि एक तारीख टाका.